अंधारी लोहारशाळा: तिथे नेमके काय जपायचे आहे?

ठाण्याहून कल्याण ओलांडून मुरबाडच्या दिशेने गेले आणि मोठा रस्ता सोडून आत वळले, की मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या गावात अजूनही तो आवाज ऐकू येतो. आधी लहान हातोडीचा हलका ठोका, लगेच घणाचा जड घाव, पुन्हा हलका ठोका, पुन्हा घाव. पावसाच्या तोंडावरचे हे दिवस म्हणजे लोहाराची सुगी असते. नांगराचे फाळ, कुदळी, कोयते, कुऱ्हाडी दारात ओळीने पडलेल्या असतात. माझे आजोळ याच भागातले असल्यामुळे लहानपणी सुट्टीत मामाबरोबर बोथट कोयते घेऊन मी लोहाराकडे जात असे आणि हे सगळे काम निव्वळ दंडाच्या ताकदीचे आहे, अशी माझी समजूत होती. पुढे धातूंच्या शास्त्राची थोडी ओळख झाली आणि त्याच भट्टीपाशी पुन्हा जाऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की तिथले सर्वांत कठीण काम डोळे करतात.

लोहारशाळा हा वारसा आहे, असे म्हटले की ऐकणारा थोडा गोंधळतो, आणि त्याचा गोंधळ रास्त आहे. किल्ला डोळ्यांना दिसतो, देऊळ दिसते, वाडा दिसतो. लोहारशाळेत पाहण्यासारखे काय असते? चार मेढी, त्यांवर कौले किंवा पत्रा, दोन बाजूंना कुडाची भिंत, मधे भट्टी आणि जमिनीत पुरलेल्या ओंडक्यावर ऐरण. कूड दर काही वर्षांनी नवा बांधलेला असतो, कातडी भात्याच्या जागी विजेचा पंखा आलेला असतो, भट्टीची माती तर दर हंगामात नव्याने लिंपली जाते. डोळ्यांना दिसणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू अलीकडची असते. जुनी असते ती कामाची रीत, आणि ती रीत समजून घ्यायची असेल तर तापलेल्या लोखंडाच्या आत काय घडते, ते आधी समजून घ्यावे लागते.

सुरुवात अंधारापासून करू. लोहारशाळेत शिरणाऱ्या माणसाला पहिल्यांदा खटकतो तो तिथला अपुरा उजेड. छप्पर खाली उतरलेले असते, खिडकी नसते, असलीच तर भट्टीच्या समोर नसते. हे गरिबीचे लक्षण आहे असे पुष्कळांना वाटते, पण हा अंधार त्या कामाचे एक हत्यारच आहे. खेड्यातल्या लोहाराकडे तापमान मोजायचे यंत्र नसते. तो तापमान रंगावरून ओळखतो. लोखंड तापत गेले की साधारण ७०० अंश सेल्सिअसला ते काळपट लाल दिसते, ८०० च्या आसपास पिकल्या चेरीसारखे लाल होते, ९०० ते १००० अंशांमध्ये नारिंगी होते, ११०० च्या पुढे पिवळे पडते आणि १३०० च्या आसपास पांढरे होऊन त्यातून ठिणग्या उडू लागतात. ठिणग्या उडणे म्हणजे लोखंड जळू लागणे, आणि जळलेले लोखंड पुन्हा कामाला येत नाही. हे रंग भर उन्हात धड दिसत नाहीत. उघड्यावर काळे वाटणारे लोखंड अंधारात लाल दिसते, त्यामुळे उजेड बदलला की लोहाराचे मोजमापच चुकते. एखाद्या जुन्या लोहारशाळेची डागडुजी करताना कोणी सद्भावनेने छपराला पारदर्शक पत्रे बसवले, तर इमारत टिकेल आणि तिथले तापमापक मात्र मोडेल.

आता वाऱ्याविषयी. उघड्यावर पेटलेल्या कोळशाची धग लोखंड लाल करू शकते, पण ते पिवळे होईपर्यंत तापवायला वारा लागतो. भात्याचे काम तेच. जुना भाता शेळीच्या किंवा म्हशीच्या कातड्याचा असे. एकाच पिशवीचा भाता असेल तर ती फुगताना वारा थांबतो, म्हणून दोन पिशव्या आळीपाळीने दाबून अखंड वारा मिळवण्याची युक्ती फार जुनी आहे. मात्र नुसता जोराचा वारा उपयोगाचा नसतो. नळीतून येणाऱ्या ताज्या हवेत भरपूर प्राणवायू असतो, आणि तापलेले लोखंड थेट त्या झोतात धरले तर त्याच्यावर काळे पापुद्रे धरतात. म्हणून जाणता लोहार लोखंड नळीच्या तोंडासमोर न धरता बराच वर, कोळशाच्या जाड थराच्या आत ठेवतो, म्हणजे हवेतला प्राणवायू वाटेतल्या निखाऱ्यांतच संपतो आणि लोखंडापर्यंत फक्त धग पोहोचते. ऐरणीभोवती काळ्या खपल्यांचा सडा पडतो तो याच पापुद्र्यांचा. त्या सड्याकडे पाहून आपली भट्टी आज नीट चालली आहे की नाही, हे म्हातारा लोहार सांगू शकतो.

कोळसा कोणता, यालाही महत्त्व आहे. दगडी कोळशात गंधक असते. ते लोखंडात शिरले तर लोखंड लाल असताना ठोकल्यावर तडकते. लाकडी कोळशात गंधक जवळजवळ नसते, त्यामुळे धारेच्या हत्यारांसाठी जुने लोहार तोच पसंत करत. हा लाकडी कोळसा आपल्या डोंगरपट्ट्यात कोण पाडत असे, याचा उल्लेख लोहारकामाच्या कौतुकात सहसा येत नाही, म्हणून तो मी मुद्दाम करतो. ठाणे आणि रायगडच्या जंगलांत खैरापासून कात काढणारे, आणि त्यावरूनच ज्यांना नाव मिळाले ते कातकरी, कोळशाच्या भट्ट्यांवर पिढ्यान्पिढ्या राबले आहेत. लाकूड रचून, मातीने लिंपून, हवा कमीत कमी ठेवून ते दिवसेंदिवस धुमसत ठेवणे हे अत्यंत कौशल्याचे आणि जागरणाचे काम आहे, आणि उचल घेऊन महिनोन्महिने परमुलखात जाऊन ते करावे लागल्यामुळे कर्जाच्या पाशात अडकलेली कुटुंबेही पुष्कळ आहेत. लोहाराच्या भट्टीतला निखारा ज्याने पाडला त्याचे नाव वगळून या वारशाचा हिशेब पुरा होत नाही.

यानंतर प्रत्यक्ष लोखंडाकडे वळू. बोलताना आपण सगळ्यालाच लोखंड म्हणतो, पण त्यात कार्बन किती आहे यावर त्याचा स्वभाव ठरतो. कार्बन अगदी नगण्य, शंभरात एक दशांश भागाहून कमी असेल तर ते मऊ लोखंड होय. ते हवे तसे वाकते, पण त्याला धार टिकत नाही. शंभरात अर्धा ते एक भाग कार्बन असेल तर ते धारेला योग्य असे पोलाद होय. दोन भागांच्या वर गेले की ते बीड होते. त्याचा तवा ओतता येतो, पण ते घणाखाली फुटते. म्हणजे ज्याला आपण ताकद म्हणतो ती शंभरात एखाद्या भागाच्या फरकावर उभी असते. पूर्वी पोलाद महाग होते, त्यामुळे कुऱ्हाडीचे किंवा कोयत्याचे अंग मऊ लोखंडाचे करून फक्त धारेच्या जागी पोलादाची पट्टी भरत असत. दोन्ही तुकडे पांढुरके होईपर्यंत तापवायचे, मधे टाकणखार (बोरॅक्स) किंवा बारीक वाळू टाकून मळ वितळवायचा आणि घाव घालून ते एकजीव करायचे, हे काम क्षणाचाही उशीर सहन करत नाही. अशा जुन्या कुऱ्हाडीची धार घासून नीट पाहिली तर जोडाची पुसट रेघ अजून ओळखू येते.

पोलादाला ‘पाणी देणे’ हा शब्दप्रयोग आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्यामागे काय आहे ते आता पाहू. लोखंडाचे अणू विस्कळीत पसरलेले नसतात, ते घनाकार चौकटीत रचलेले असतात. थंड लोखंडात अशा प्रत्येक घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि मध्यभागी एक अणू असतो, आणि या रचनेत कार्बनला शिरायला जागा जवळजवळ नसते. लोखंड तापले की एका टप्प्याला ही रचना स्वतःच बदलते. मधली जागा रिकामी होऊन घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात, आणि या नव्या रचनेतल्या मोठ्या फटींत कार्बन आरामात सामावतो. पोलादात हा बदल ७२७ अंशांना सुरू होतो, म्हणजे नेमका काळपट लाल आणि चेरी लाल यांच्या मधल्या रंगापाशी. असे तापलेले पोलाद राखेत पुरून हळूहळू निवू दिले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि पोलाद मऊ राहते. तेच एकदम पाण्यात बुडवले तर रचना जुन्या रूपाकडे परत जाऊ पाहते, पण कार्बन आतच अडकलेला असतो. अणूंची चौकट ताणली जाते, आणि या ताणामुळेच पोलाद विलक्षण कठीण होते. एसटीच्या गर्दीत दार बंद झाल्यावर आत अडकलेल्या माणसांमुळे कोणालाच हलता येत नाही, तसे हे आहे. हलता येत नाही म्हणून ते वाकत नाही, आणि वाकत नाही म्हणूनच जोराचा आघात झाला तर काचेसारखे फुटते.

फुटणारा कोयता कोणालाच नको असतो. म्हणून पाणी दिल्यावर त्यातला थोडा ताण पुन्हा कमी करावा लागतो, आणि लोहारकामातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग इथे येतो. लोहार हत्यार पूर्ण बुडवत नाही. फक्त धार पाण्यात धरतो, त्यामुळे पाठीकडचा भाग तापलेलाच राहतो. मग ते बाहेर काढून विटेच्या किंवा दगडाच्या तुकड्यावर झटकन घासतो, म्हणजे काळा थर निघून धातू चकाकू लागतो. पाठीकडची धग आता धारेकडे सरकू लागते, आणि त्या चकाकत्या पृष्ठावर रंगांचे पट्टे चालत येताना दिसतात. आधी गवतासारखा फिकट सोनेरी, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच कारणाने हे रंग दिसतात: पृष्ठावर धरणारा ऑक्साइडचा पातळ थर जसजसा जाड होतो तसतसा रंग पालटतो. फिकट सोनेरी म्हणजे सुमारे २२० ते २३० अंश, जांभळा म्हणजे सुमारे २८०, निळा म्हणजे ३०० च्या आसपास. हवा तो रंग धारेपर्यंत पोहोचला की लोहार सबंध हत्यार पाण्यात टाकतो आणि तो रंग तिथेच थांबवतो. कठीण धार हवी असेल तर सोनेरीवर थांबायचे, धक्के खाणारी कुऱ्हाड असेल तर जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. ही सगळी घटना काही सेकंदांची असते. मी ती शेजारी बसून पंधरावीस वेळा पाहिली आहे, आणि अजूनही नेमके कधी बुडवायचे हे मला सांगता येत नाही.

हे ज्ञान केवळ शेतापुरते नव्हते. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये, शिलाहार राजांच्या काळात उभे राहिले आणि त्याचा दगड आपल्या सह्याद्रीचा काळा, कठीण बेसाल्ट आहे. बेसाल्टवर टाकी, म्हणजे दगड कोरायची छिन्नी, चालवली की तिचे टोक लवकर बोथट होते. ते तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन घ्यावे लागते, आणि असे दिवसातून अनेकदा करावे लागते. त्या देवळाच्या भिंतीवरची प्रत्येक मूर्ती कोरली जात असताना जवळपास कुठेतरी भट्टी पेटलेली असलीच पाहिजे, कारण पोलादाच्या धारेवाचून हे कोरीवकाम शक्यच नाही. देऊळ बघायला येणारे पाथरवटाचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. त्याच्या टाकीला पाणी देणाऱ्याची आठवण मात्र कोणी करत नाही.

सुरुवातीला ज्या आवाजाचा उल्लेख केला, त्याचाही अर्थ सांगायला हवा. ऐरणीपाशी दोन माणसे असतात. सांडशीत लोखंड धरून लहान हातोडी चालवणारा मुख्य कारागीर असतो आणि समोर घण घेऊन दुसरा उभा असतो. लहान हातोडीचा ठोका जिथे पडतो तिथेच पुढचा घणाचा घाव पडायचा असतो. ठोका हलका असेल तर घाव हलका, ठोका जोराचा असेल तर घाव जोराचा. कारागिराने हातोडी लोखंड सोडून रिकाम्या ऐरणीवर टेकवली की घण थांबतो. हे सगळे एकही शब्द न उच्चारता चालते, कारण लोखंड लाल असेपर्यंतच्या थोड्या क्षणांत बोलायला सवड नसते. घिसाडी समाजाच्या भटक्या कुटुंबांत हा जड घण बहुधा बाईच्या हातात असतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला मी एकदा असे कुटुंब काम करताना पाहिले. नवरा बसून सांडशी फिरवत होता आणि बायको उभी राहून इतक्या नेमकेपणाने घाव घालत होती की प्रत्येक घाव आधीच्या घावाला चिकटून पडत होता. लोहारकाम पुरुषांचे, असे आपण सरसकट लिहून टाकतो, ते चुकीचे आहे. घरच्या भट्टीवर भाता ओढण्याचे कामही पुष्कळदा बायकाच करत आल्या आहेत.

बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी कडे, चढवण्याचे काम आता जवळजवळ संपले आहे, पण लोहार आणि सुतार यांच्या एकत्रित हिशेबाचे ते उत्तम उदाहरण असल्यामुळे त्यावर थोडे थांबतो. सुतार आरे, घेराचे पाटे आणि मधला तुंबा जुळवून लाकडी चाक तयार करतो. त्याचे सांधे घट्ट बसतात ते लोखंडी धावेच्या दाबाने. लोहार ही धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतो. नंतर ती जमिनीवर आडवी ठेवून तिच्याभोवती शेण्यांचा जाळ करतात. लोखंडाचा दर मीटर तुकडा दर अंशाला मीटरच्या दशलक्षांश भागांपैकी बारा भाग या हिशेबाने लांबतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु सव्वा मीटर व्यासाच्या चाकाचा घेर जवळजवळ चार मीटर भरतो, आणि धाव सहाशे अंशांनी तापली तर ती सुमारे पावणेतीन सेंटीमीटरने, म्हणजे इंचभराहून थोडी अधिकच, वाढते. वाढलेली धाव सांडशांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लाकूड पेट घेण्याच्या आत वरून पाणी ओतायचे. धाव आकसते, सांधे करकरतात आणि चाक आवळले जाते. धाव जास्त लहान झाली तर आरे वाकतात आणि कमी लहान झाली तर पहिल्याच उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव निसटते. या दोहोंमधला इंचभराचा हिशेब दोरीने किंवा काठीने मोजून लोहार मनात करत असे.

अशा कामाचा मोबदला रोख मिळत नसे. लोहार बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची अवजारे दुरुस्त करायची आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून ठरलेले धान्य न्यायचे, अशी ती रीत होती. कोकणात ही व्यवस्था घाटावरच्याइतकी घट्ट नव्हती, तरी भाताच्या रूपाने मोबदला देण्याची पद्धत आमच्या आजोळी माझ्या आजोबांच्या वेळेपर्यंत होती. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. तिने कारागिराला पोटापुरते दिले आणि त्याच्या मुलाला दुसरा धंदा करण्याची वाट बंद ठेवली. कोणी कुठे बसायचे, कोणाच्या हातचे पाणी चालायचे, हेही तिनेच ठरवले. तरीही एक गोष्ट तिच्यात होती आणि ती आजच्या दुकानदारीत नाही. ज्याने कोयता घडवला त्याच्याकडेच तो दरवर्षी परत येत असे. धार कुठे झिजली, कुठे तडा गेला, कोण कसा वापरतो, हे घडवणाऱ्याला प्रत्यक्ष दिसत असे, आणि पुढचा कोयता तो त्या मापाने घडवत असे. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, उंच झाडाच्या फांद्या तोडणाऱ्याचा, कमरेच्या आकडीला अडकवून फिरायचा कोयता वेगळा आणि घरी नारळ सोलणाऱ्याचा वेगळा. बोथट हत्यार तापवून, ठोकून पुन्हा धारेवर आणण्याला ‘शेवटणे’ असा स्वतंत्र शब्द आहे. हत्यार फेकून नवे घेणाऱ्या पिढीला या शब्दाची गरजच पडत नाही, म्हणून तो आता कानावर पडत नाही.

परंपरा म्हणजे कधीही न बदललेली गोष्ट, अशी एक समजूत असते. लोहारशाळेला ती मुळीच लागू पडत नाही. महाराष्ट्रात लोखंड गाळण्याची कला फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे उत्खननात महापाषाणयुगीन भट्टी सापडली आहे. महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्यातल्या खनिजापासून लोखंड गाळणारे धावड एकोणिसाव्या शतकापर्यंत होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी आली, तिच्या रुळांचे लोखंड इंग्लंडहून आलेले होते, आणि त्याच काळात येऊ लागलेल्या स्वस्त विलायती सळयांपुढे देशी गाळीव लोखंड टिकले नाही. गाळणारा संपला, घडवणारा मात्र नव्या मालावर काम करू लागला. पुढे जमशेदपूरचे लोखंड आले. आज कोयत्यासाठी सर्वांत जास्त मागणी असते ती ट्रकच्या जुन्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्याला, कारण त्या पोलादात कार्बनचे प्रमाण शंभरात अर्ध्या भागाच्या वर असते आणि त्याला पाणी उत्तम चढते. ‘पाट्याचा कोयता आहे’ असे सांगून लोहार त्याचे दोन पैसे अधिक मागतो, ते म्हणूनच. अनेक भट्ट्यांत तर ऐरण म्हणून रुळाचाच तुकडा पुरलेला दिसतो. भंगाराच्या ढिगातून एक पट्टी उचलायची, सहाणेच्या चाकावर टेकवून ठिणग्यांची फुले कशी फुटतात ते पाहायचे आणि त्यावरून त्यात कार्बन किती असेल याचा अंदाज बांधायचा, हे कौशल्य नव्या काळाचे आहे, आणि माझ्या मते तेही तितकेच जपण्यासारखे आहे.

ठाण्याच्या खाडीपलीकडची कथा वेगळी आहे. १९७० मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. त्या गावांतली भातशेती गेली, तिच्याबरोबर फाळ आणि विळेही गेले. लोहाराची जमीन बहुधा नव्हतीच, त्याचे गिऱ्हाईक गेले. भूमिपुत्रांच्या लढ्याचा इतिहास निदान लिहिला गेला. ज्यांचा धंदा दुसऱ्याच्या शेतीवर उभा होता त्यांचे काय झाले, हे फारसे कोणी विचारले नाही. कोणी वेल्डिंगचे दुकान काढून खिडक्यांच्या जाळ्या बनवू लागला, कोणी वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात कामाला लागला. अशा कारखान्यात हेच पोलाद, हेच पाणी देणे, हेच तापमान असते. फरक इतकाच की रंग ओळखण्याचे काम यंत्राकडे गेलेले असते.

या वारशाला कायद्याचे संरक्षण मिळेल का, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. प्राचीन वास्तूंविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तू आणि अवशेष यांच्यासाठी आहे. दर काही वर्षांनी नवा कूड बांधणारी लोहारशाळा त्यात बसत नाही. तिच्यासाठी अधिक योग्य चौकट म्हणजे अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीचा युनेस्कोचा २००३ चा करार, कारण त्यात पारंपरिक कारागिरीचे ज्ञान हाच वारसा मानला आहे. भारताने तो २००५ मध्ये मान्य केला, आणि पंजाबातल्या जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांची पितळ-तांब्याची भांडी घडवण्याची कला २०१४ मध्ये त्याच्या यादीत आली. धातूवर घाव घालणाऱ्यांचे ज्ञान यादीत येऊ शकते, हे त्यावरून सिद्ध झाले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये लोहारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि आधी एक, मग दोन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. ही मदत पोटासाठी महत्त्वाची आहे आणि ती मिळालीच पाहिजे. परंतु धंदा चालू राहणे आणि ज्ञान नोंदले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरी गोष्ट आपल्यालाच करावी लागेल.

ती करण्यासाठी फार खर्च लागत नाही. मोबाईलवर चित्रीकरण करायचे असेल तर दिवा न लावता करावे आणि कॅमेऱ्याचा उजेड आपोआप वाढवणारी सोय बंद ठेवावी, म्हणजे रंग खरे येतील. आवाज वेगळा नोंदवावा. काम संपल्यावर मुलाखत घेण्यापेक्षा काम चालू असताना ‘आता का थांबलात?’ एवढेच विचारावे, कारण हाताला जे ठाऊक असते ते खुर्चीवर बसून सांगता येत नाही. अवजारांची स्थानिक नावे उच्चाराप्रमाणे लिहून घ्यावीत. जुने मोडके कोयते गोळा करावेत. ते कुठे मोडले यावरून पाणी कसे दिले होते हे कळते.

आणि ऐरण उचलून संग्रहालयात नेण्याआधी तिची जमिनीपासूनची उंची मोजावी. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मूठ जिथे येते तिथे ऐरणीचा माथा असावा, असा नियम आहे. ती उंच असेल तर खांदा भरून येतो आणि खाली असेल तर पाठ जाते. आमच्या आजोळच्या लोहारशाळेतला ओंडका जमिनीत रुतलेला आहे आणि त्याच्यावर, ऐरणीच्या खाली, फळीचा चारएक बोटे जाडीचा एक तुकडा घातलेला आहे. तो का घातला म्हणून विचारले, तेव्हा आता साठीला आलेल्या लोहारदादांनी सांगितले की ओंडका त्यांच्या वडिलांच्या मापाचा आहे, आणि ते स्वतः वडिलांपेक्षा उंच आहेत.